पावसाची साक्ष

हिब्रू संदेष्ट्यांचा परमेश्वर पाऊस अडवतो, समुद्राला हद्द आखून देतो, टोळधाड धाडतो, पृथ्वी हलवतो. या वर्णनांतून जगभर पसरलेली कल्पना मात्र फार ढोबळ आहे: संकट आले म्हणजे कोणीतरी पाप केले, आणि ते कोणी केले हे ओळखून सांगतो तो संदेष्टा. २००४ च्या त्सुनामीनंतर काहींनी तिचे कारण कांचीच्या शंकराचार्यांच्या अटकेत शोधले. २०१८ मध्ये केरळ पाण्याखाली गेले तेव्हा शबरीमलेच्या वादाकडे बोट दाखवले गेले. न्यू ऑर्लिन्स बुडाले तेव्हा अमेरिकेतल्या काही धर्मोपदेशकांनी त्या शहराच्या चालीरीतींचा हिशेब काढला. दुसऱ्या टोकाचा वापरही आहेच. ऑगस्ट २०२० मध्ये राज्यांच्या जीएसटी भरपाईचा प्रश्न निघाला, तेव्हा केंद्रीय अर्थमंत्र्यांनी करोनाच्या साथीला देवाची करणी म्हटले. विम्याच्या आणि कराराच्या भाषेत याचा अर्थ एवढाच की दोष कोणाचाच नाही. एकीकडे देवाचे नाव घेऊन दुसऱ्याला आरोपी करायचे, दुसरीकडे तेच नाव घेऊन आपले अंग काढून घ्यायचे. आमोस किंवा यिर्मया हे संदेष्टे या दोन्हींपैकी एकाही कामाला उपयोगी पडणारे नाहीत, आणि त्यांची पुस्तके नीट वाचली तर ते लपतही नाही.

संदेष्टा म्हणजे भाकीत करणारा, हा आणखी एक सरसकट समज. जयपूरच्या जंतरमंतरात दर आषाढी पौर्णिमेला सूर्यास्ताच्या सुमारास ज्योतिषी मंडळी सम्राट यंत्रावर ध्वज घेऊन चढतात आणि वारा कोणत्या दिशेचा आहे ते पाहून पावसाळा कसा जाईल ते सांगतात. बुलढाणा जिल्ह्यात भेंडवळला अक्षय्य तृतीयेला घट मांडतात आणि दुसऱ्या दिवशी पहाटे धान्यांचे दाणे कसे हलले यावरून पीकपाणी सांगतात. ही खुणा वाचण्याची परंपरा आहे. अंदाज चुकला तर चुकला, ऐकणाऱ्याच्या वागण्याशी त्याचा संबंध नसतो. संदेष्ट्याचे पावसाबद्दलचे बोलणे उलट जातीचे आहे. ते खोटे ठरावे म्हणूनच उच्चारलेले असते. निनवे चाळीस दिवसांत उलथेल असे योनाने सांगितले, लोकांनी पश्चात्ताप केला, शहर वाचले, आणि भाकीत फसले म्हणून योना रुसून बसला. ग्रंथकार तिथे योनाच्या बाजूचा नाही.

पाऊस आणि देव यांच्या नात्याच्या या विचाराचा आरंभ संदेष्टा एलीया याच्या कथेत शोधायचा, तो पाऊस नेमका कोणाचा हा प्रश्न तिथे उघडा पडतो म्हणून. इसवी सनापूर्वी नवव्या शतकात इस्राएलचा राजा अहाब याने ईजबेल या फिनिशियन राजकन्येशी लग्न केले आणि तिच्यामागून बआलाची पूजा दरबारात आली. हा बआल नेमका कोण, ते १९२९ पासून सीरियाच्या किनाऱ्यावर रास शामरा येथे सापडत गेलेल्या उगारितच्या मातीच्या पाट्यांनी स्पष्ट केले. ढगांवर स्वार होणारा, समुद्राला नमवणारा, आणि मृत्यूच्या घशात गेला की शिवारे करपतात असा तो पावसाचा देव. म्हणजे पाऊस पडणार नाही असे एलीयाने अहाबाला सांगितले ते थेट बआलाच्या खात्यात हात घालून. पुढचा कर्मेल डोंगरावरचा सामना, वेदीवर उतरलेली आग, समुद्रावरून उठलेला तळहाताएवढा ढग हे सर्व परिचित आहे.

कमी परिचित आहे ती सोरकडची, म्हणजे ईजबेलच्या माहेरची बाजू. पहिल्या शतकातला यहुदी इतिहासकार जोसीफस मेनांदर नावाच्या जुन्या लेखकाचा हवाला देतो. ईजबेलचा बाप इत्तोबाल याच्या कारकिर्दीत वर्षभर पाऊस पडला नाही, मग त्याने देवांची विनवणी केली आणि गडगडाटासह पाऊस आला, असे मेनांदरने लिहिले होते. जोसीफसच्या मते हाच तो अहाबाच्या काळातला दुष्काळ. तसे असेल तर अवर्षण एक, आणि ते आपण संपवले म्हणणारे दोन. एलीयाची कथा सांगणाऱ्या राजांच्या ग्रंथाच्या संपादकालाही कर्मेलवर थांबणे पुरेसे वाटले नसावे. पुढच्याच अध्यायात एलीया होरेबावर जातो. डोंगर फोडणारा वारा, मग भूकंप, मग अग्नी येतो, आणि यांपैकी कशातही परमेश्वर नाही असे ग्रंथ बजावून सांगतो. प्रवचने बहुधा कर्मेलवर संपतात, ही प्रवचनकारांची सोय आहे.

आमोस इ. स. पूर्व आठव्या शतकातला. तकोवा गावचा गुराखी, उंबराच्या जातीच्या झाडांची निगा राखणारा, दक्षिणेच्या यहूदातून उत्तरेच्या इस्राएल राज्यात बोलायला आलेला. त्याच्या पुस्तकाची पहिलीच ओळ त्याचा काळ भूकंपाने मोजते: भूकंपाच्या दोन वर्षे आधी. हासोरच्या उत्खननात यिगाएल यादीन यांना त्या शतकातल्या, भूकंपाने पडलेल्या वाटाव्यात अशा भिंती मिळाल्या. एका गावावर पाऊस पाडला, दुसऱ्यावर नाही, पिकावर तांबेरा आणला, टोळ आणले, तरी लोक वळले नाहीत, असे आमोसाचा देव बोलतो. ओळखीची धमकी वाटते खरी, पण ती कोणाला आहे ते पाहावे. हस्तिदंती घरांत राहणाऱ्यांना, मापात मारणाऱ्यांना, जोड्याच्या किमतीला गरीब विकणाऱ्यांना. तीही बेथेलच्या राजमान्य देवस्थानात, जिथून पुजारी अमस्या त्याला हुसकावून लावतो. आणखी एक गोष्ट सहसा सुटते. टोळांचा आणि अग्नीचा दृष्टान्त दिसतो तेव्हा आमोस टाळ्या पिटत नाही. याकोब, म्हणजे इस्राएल, लहान आहे, तो तगणार कसा, अशी रदबदली करतो, आणि देव दोन्ही वेळा माघार घेतो. संकट आल्यावर ‘बरे झाले, भोगा’ म्हणणारा संदेष्टा आमोसाच्या पुस्तकात सापडत नाही.

इथपर्यंत एक गृहीत मात्र शाबूत आहे: पाऊस हा पुरावा आहे. तो आला तर देव प्रसन्न, नाही आला तर रागावलेला. हे गृहीत ईयोबाने मोडले, किंवा स्पिनोझाने, किंवा १७५५ च्या लिस्बन भूकंपानंतर व्हॉल्तेअरने, असे विचारांच्या इतिहासात शिकवले जाते. ते मोडले त्याच्या पुष्कळ आधी, संदेष्ट्यांच्याच घरात, योशीयाच्या सुधारणा आणि यरुशलेमचा पाडाव यांच्या दरम्यान. सर्वांत जास्त चुकीचे वाचले जाते ते हेच वळण.

इ. स. पूर्व ६२२ च्या सुमारास यहूदाचा राजा योशीया याने धर्मशुद्धीची मोहीम काढली. परक्या देवांच्या वेद्या पाडल्या, गावोगावची देवस्थाने बंद केली, पूजा यरुशलेमच्या मंदिरात आणली. संदेष्ट्यांचे गणित सरळ असते तर त्यानंतर सुबत्ता यायला हवी होती. ६०९ मध्ये मगिद्दो येथे इजिप्तच्या फारोने योशीयालाच मारले. ५९७ मध्ये बाबेलचे सैन्य यरुशलेमात शिरले, राजा आणि कारागीर धरून नेले. ५८६ च्या आसपास शहर पडले, मंदिर जळले. उरलेसुरले लोक इजिप्तला पळाले आणि म्हाताऱ्या यिर्मयाला त्याच्या मनाविरुद्ध सोबत घेऊन गेले.

तिथे जे घडले ते यिर्मयाच्या पुस्तकाच्या चव्वेचाळिसाव्या अध्यायात आहे. हे संकट अन्य देवांना धूप जाळल्यामुळे आले, असे यिर्मया निर्वासितांना सुनावतो. आणि लोक, त्यातही स्त्रिया, उलटून बोलतात. आकाशराणीची पूजा आम्ही करत होतो, आमचे वाडवडील करत होते, राजे करत होते. तेव्हा पोटभर अन्न होते, काही वाईट झाले नाही. पूजा बंद केली आणि तेव्हापासून तलवार आणि दुष्काळ यांनी आमचा नाश चालवला आहे. ही पूजा कशी होई ते याच पुस्तकात आधी आलेले आहे: मुले सरपण गोळा करीत, बाप विस्तव पेटवी, बायका कणीक मळून राणीसाठी पोळ्या करीत. घरातल्या चुलीवरचा हा कुळाचार सुधारणेने बंद केला, आणि मागोमाग देश गेला. घटनांचा क्रम पाहिला तर पुरावा बायकांच्या बाजूने आहे.

भाष्यकार या उत्तराकडे हट्टी मूर्तिपूजकांचा उद्धटपणा म्हणून पाहतात आणि पुढे जातात. पण ग्रंथकाराने ते उत्तर वगळले नाही, विद्रूपही केले नाही. तर्काची सगळी धार ठेवून नोंदवले. यिर्मया आपले म्हणणे पुन्हा ठासून सांगतो, मात्र मागच्या पावसापाण्यातून एकही दाखला काढत नाही. पुढची खूण म्हणून तो फारो होफ्राच्या पतनाकडे बोट दाखवतो, म्हणजे राजकारणाकडे. सुकाळ आणि दुष्काळ हे देवाच्या मर्जीचे पुरावे मानले की त्याच पुराव्यावर आकाशराणीही जिंकू शकते, हे तिथे उघड झाले. कर्मेलचा वाद शेवटी असा कुंठित झाला. हा पेच फक्त हिब्रूंचा नाही. जयपूरच्या गोविंददेवजींच्या मंदिरात दिवाळीनंतर अन्नकूट होतो तो ज्या कथेचा, तिच्यातही क्रम हाच आहे: गोकुळाने इंद्राचा याग थांबवला आणि आभाळ फाटले. भागवतकार मात्र तो पाऊस गोपांच्या अपराधाचा पुरावा धरत नाही. गोवर्धनाखाली गुरेवासरे आणि माणसे आणून ठेवतो.

यिर्मयाच्या पुस्तकाने शोधलेली वाट वेगळी आहे. देवाची सत्ता अपवादात दिसते हा आग्रह ते सोडून देते आणि ती नियमात दाखवते. वाळू हीच समुद्राची हद्द. लाटा कितीही खवळल्या तरी ओलांडत नाहीत. सूर्य दिवसाला, चंद्र-तारे रात्रीला ज्या नेमाने नेमून दिले आहेत तो नेम ढळला तरच इस्राएलला दिलेले वचन ढळेल. दिवस आणि रात्र यांच्याशी देवाचा करार आहे, आणि तो मोडणे कोणाला साधणार नाही. एलीयाच्या गोष्टीत देव ओळखू यायचा तो पाऊस थांबल्यामुळे. इथे पहाट झाल्यामुळे. आणि पहाट बाबेलातही होत होती, इजिप्तातही. ज्या गोष्टीवर दोन्ही पक्षांना दावा सांगता येतो ती सोडून, ज्या गोष्टीबद्दल वादच नाही तिच्यावर हे वचन उभे केले आहे. बंदिवासात गेलेल्या, देश आणि देऊळ दोन्ही गमावलेल्या लोकांना दुसरा आधार कोणता देता आला असता?

यावर दोन आक्षेप येतात. पहिला ग्रंथसंहितेचा. दिवस-रात्रीच्या कराराचा उतारा यिर्मयाच्या जुन्या ग्रीक भाषांतरात नाही, म्हणून अनेक अभ्यासक तो उत्तरकालीन भर मानतात. असेल, पण मग तो बंदिवासानंतरच्या पिढ्यांना काय हवेसे वाटले याचा दाखला ठरतो, आणि मुद्दा अधिकच पक्का होतो. दुसरा आक्षेप जड आहे. वाळूच्या हद्दीबद्दल बोलणारा तोच पाचवा अध्याय तुमच्या पापांनी पाऊस अडवला असेही म्हणतो. म्हणतो खरे. परंतु लगेच पापांची यादी देतो, आणि तीत धूपदीप नाही: फासेपारध्यासारखे माणसांना जाळ्यात धरणारे लोक, पक्ष्यांनी भरलेल्या पिंजऱ्यासारखी लबाडीने भरलेली घरे, अनाथाचा न चालवलेला दावा. चौदाव्या अध्यायात खराखुरा दुष्काळ येतो तेव्हा यिर्मयाची नजर आरोपी शोधत नाही, विहिरीवर जाते. सरदारांचे नोकर रिकामी भांडी घेऊन डोक्यावरून पदर ओढून परततात. रानात व्यालेली हरिणी चारा नाही म्हणून पाडस टाकून जाते. रानगाढवे उघड्या माळावर उभी राहून वाऱ्यासाठी धापा टाकतात. आणि त्याच अध्यायात तो खोटे संदेष्टे कोण ते सांगतो: सगळे ठीक होईल, तलवार येणार नाही, दुष्काळ पडणार नाही असे देवाच्या नावाने सांगत फिरणारे.

पुढचा प्रवास वादाचा नाही, म्हणून भरभर सांगता येतो. यशयाच्या पुस्तकाचा दुसरा भाग बाबेलातल्या बंदिवानांना ओंजळीत समुद्र मोजणारा निर्माता दाखवतो आणि नोहाच्या पुराची आठवण काढतो ती शपथ म्हणून: पुन्हा असे नाही. ईयोबाला वावटळीतून मिळालेल्या उत्तरात जिथे माणूस राहत नाही त्या ओसाड जमिनीवर पडणारा पाऊस आहे. म्हणजे माणसाच्या पापपुण्याशी त्याचा हिशेबच नाही. येशूने डोंगरावरच्या प्रवचनात नीतिमान आणि अनीतिमान दोघांवर सारखा पडणारा पाऊस देवाच्या चांगुलपणाची खूण ठरवला. तालमूद या यहुदी धर्मग्रंथातल्या रब्बींनी तर व्यवहारी भाषेत सांगितले की चोरलेले गहू पेरले तर न्यायाने ते उगवू नयेत. पण जग आपल्या रीतीने चालते, चोराला जाब द्यावा लागेल तो निराळा. पावसासाठी उपास करण्याची व्यवस्था याच रब्बींनी तपशीलवार लिहून ठेवली. नियम मानला म्हणून मागणे थांबले नाही.

आधुनिक भारतात हा वाद पुन्हा उभा राहिला तो १५ जानेवारी १९३४ च्या बिहार भूकंपानंतर. गांधीजी अस्पृश्यतानिवारणाच्या दौऱ्यावर दक्षिणेत होते. हा भूकंप अस्पृश्यतेच्या पापाचे शासन आहे असे ते म्हणाले. रवींद्रनाथांनी निषेध लिहिला आणि गांधीजींनी तो आपल्या उत्तरासह फेब्रुवारीत ‘हरिजन’मध्ये छापला. गांधीजींच्या बाजूने एवढे म्हणता येते की त्यांनी आमोसासारखा आरोप सवर्णांवर, म्हणजे आपल्याच घरावर ठेवला. त्सुनामीचा किंवा पुराचा अर्थ विरोधकांच्या माथी मारणाऱ्यांशी त्यांची बरोबरी करणे अन्यायाचे होईल. तरीही बरोबर होते रवींद्रनाथच. हा युक्तिवाद गांधीजींपेक्षा त्यांच्या विरोधकांनाच अधिक शोभेल, असे त्यांनी दाखवून दिले. सनातनी उद्या म्हणतील, मंदिरे उघडायला निघालात म्हणून धरणी कोपली. इजिप्तमधल्या त्या बायकांचे उत्तर अडीच हजार वर्षांनी शांतिनिकेतनातून आले. शिवाय भिंतींखाली सापडलेल्यांत अस्पृश्यही होते, याचा जाब शिक्षेच्या सिद्धान्ताला कधीच देता आला नाही.

संकटात आरोपी न शोधण्याचा विचार मराठीत जगलेली दोन उदाहरणे जवळची आहेत. पंडिता रमाबाईंनी केडगावला हिब्रू आणि ग्रीक मुळांवरून अख्ख्या बायबलचे भाषांतर केले. ते त्यांच्या मृत्यूनंतर १९२४ मध्ये छापून पुरे झाले. त्याआधी १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात आणि १९०० च्या दुष्काळात त्यांची माणसे गुजरातेत गेली होती, उपाशी, अनाथ मुलींना घेऊन यायला. दुष्काळ कोणाच्या पापाचा, यापेक्षा अनाथाचा दावा कोण चालवणार हा यिर्मयाचा प्रश्न तिथे हाती घेतला गेला.

दुसरे उदाहरण कोकणातल्या बेने इस्राएल या यहुदी समाजाचे. त्यांची मूळकथाच समुद्राने केलेल्या घातापासून सुरू होते. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याशी तारू फुटले, सात जोडपी वाचली, वाहून आलेली प्रेते तिथेच पुरली. हे लोक शतकानुशतके तेलघाणे चालवत, शनिवारी घाणा बंद ठेवत म्हणून गावकरी त्यांना शनवार तेली म्हणत. हिब्रू ग्रंथ हातचे गेले होते, तरी एलीया टिकला. एलियाहू हन्नाबी या नावाने तो घरचा झाला. तारू फुटण्याला कोणाच्या पापाचे कारण या कथेत जोडलेले नाही. एका सांगण्याप्रमाणे किनाऱ्यावर निपचित पडलेल्यांना शुद्धीवर आणले ते एलियाहू हन्नाबीने. अलिबाग तालुक्यात खंडाळ्याला खडकावर त्याच्या घोड्याची टाप आणि रथाच्या चाकांचे ओरखडे दाखवतात. तिथला उरूस शेवाट महिन्याच्या पंधराव्या दिवशी, यहुद्यांच्या झाडांच्या नववर्षाला असतो. नवस फिटला, दुखणे बरे झाले, घर बांधले, लग्न ठरले की मलिदा करतात: भिजवलेले पोहे, गोड, खोबरे, वेलची, वर फळे, आणि एलियाहूचे गाणे. आभाळ बंद करणाऱ्या संदेष्ट्याचा दरारा या ताटात नाही. त्याने सारफथच्या विधवेचे पीठ सरू दिले नाही आणि तिचे मूल उठवले, ती बाजू आहे.

छापील प्रार्थनापुस्तके कोकणात पोचली तेव्हा मात्र एक अडचण आलीच असणार. यहुदी उपासनेत पावसाची प्रार्थना मंडपांच्या सणाच्या शेवटी, म्हणजे सप्टेंबर-ऑक्टोबरात सुरू होते, आणि इस्राएलबाहेरचे लोक रोजच्या प्रार्थनेत पाऊस मागू लागतात ते डिसेंबरच्या सुरुवातीपासून. पॅलेस्टाइनच्या आणि बाबेलच्या शेतीचे हे वेळापत्रक. अलिबाग-पेणकडे तेव्हा भात कापून झोडलेले असते, त्या दिवसांत पाऊस आला तर नुकसान. खरी गरज मृगापासून हस्तापर्यंत, जेव्हा पुस्तकात पाऊस मागायला जागा नाही. तालमूदच्या तानीत या भागात हा प्रश्न आधीच येऊन गेला आहे, आणि तो विचारणारे निनवेचे लोक आहेत: आम्हांला उन्हाळ्यातही पाऊस लागतो, आम्ही काय करावे? उत्तर असे मिळाले की ऋतूचा आशीर्वाद सर्वांचा आहे तसाच राहू द्यावा, आणि आपल्या गावचा पाऊस प्रत्येकाने खाजगी विनवणीच्या जागी मागावा.